कंपनीच्या पत्रकात वाढदिवसाचं पान सगळे वाचतात, सुरक्षेचं कोणीच नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचं मासिक पत्रक आता तुमच्याकडे आलंय. नवीन भरती, बदल्या, बढत्या, निवृत्ती हे लोक आवडीने वाचतात आणि सुरक्षेचं पान न वाचताच उलटतात. मी अशाच कारखान्यात आधी प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवतात त्या विभागात होतो, नंतर सुरक्षा विभागात गेलो, आणि काही वर्षं पत्रकही काढलं. माझा सल्ला असा की ही दोन पानं वेगळी ठेवूच नका. कोण आलं, कोण कुठल्या लाईनवर गेलं, कोण निघालं, या मुळात सुरक्षेच्याच बातम्या आहेत.

कामावरच्या दुखापतींचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. नव्या कामाच्या पहिल्या महिन्यात धोका सर्वांत जास्त असतो, मग माणूस तरुण असो की वयस्क. बदली होऊन आलेल्या जुन्या माणसाचं तर आणखी अवघड. त्याला सगळं येतं असं धरून कोणी शिकवत नाही, आणि विचारायला त्यालाही संकोच वाटतो.

आमच्याकडे वेल्डिंगमध्ये वर्षानुवर्षं काम केलेला एक सहकारी प्रेस लाईनवर आला. मी पत्रकात त्याचा फोटो छापला, खाली ‘अभिनंदन’ लिहिलं. तिसऱ्या दिवशी अडकलेला जॉब, म्हणजे घडवायचा भाग, काढायला त्याने डायमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात हात घातला. मोटर त्याने बंद केली होती, म्हणजे आपल्या परीने काळजीही घेतली होती. पण मेकॅनिकल प्रेसचं फ्लायव्हील, म्हणजे ताकद साठवणारं जड चाक, मोटर बंद झाल्यावरही बराच वेळ फिरत राहतं, आणि एक पूर्ण स्ट्रोक, म्हणजे प्रेसची एक खाली-वर फेरी, मारण्याइतकी ताकद त्यात शिल्लक असते. शेजारचा ऑपरेटर ओरडला म्हणून त्याने हात मागे घेतला. त्या बातमीत अभिनंदनाच्या जोडीला फ्लायव्हीलबद्दल एक वाक्य मी लिहायला हवं होतं. ते मला आजही टोचतं.

तेव्हापासून नव्या किंवा बदली झालेल्या माणसाच्या बातमीत मी तीन गोष्टी घालू लागलो. तो कुठल्या मशीनवर आहे, त्याला शिकवणारा कोण आहे, आणि त्या मशीनची एक अशी गोष्ट जी बाहेरून दिसत नाही. पहिल्या दोन गोष्टींमुळे आजूबाजूचे लोक त्याच्याकडे लक्ष ठेवतात. तिसरी गोष्ट जुन्यांसाठीही असते, कारण पाट्या वाचून नियम कळतो, कारण कळत नाही.

प्रेसचंच घ्या. दोन हातांसाठीची दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली तरच स्ट्रोक मिळतो, आणि पुढच्या स्ट्रोकसाठी दोन्ही सोडावी लागतात. एक बटण पट्टी घालून दाबून ठेवता येऊ नये म्हणून ही रचना असते. किंवा लाईट कर्टन, म्हणजे हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा. ती डायपासून इतकी लांब का, असं प्रत्येक नवा माणूस मनात विचारतो. अंतर काढताना हाताचा वेग साधारण सेकंदाला १६०० मिलिमीटर धरतात. प्रेस थांबायला पाव सेकंद लागत असेल तर तेवढ्यात हात ४०० मिलिमीटर आत गेलेला असतो. माल ठेवायला अडचण होते म्हणून कोणी कर्टन पुढे सरकवली, तर दिवा लागतो, प्रेस थांबतेही, पण उशिरा. ब्रेकचं लायनिंग झिजलं की हा थांबण्याचा वेळ वाढतो, म्हणून तो ठरावीक काळाने मोजावा लागतो. हे मी एका बातमीत लिहिलं आणि पहिल्यांदाच लोक पत्रक हातात घेऊन मला शोधत आले.

स्टोअरमध्ये माणूस आला तर एअरबॅगबद्दल लिहा. मॉड्यूल, म्हणजे एअरबॅगचा पूर्ण संच, नेताना कव्हरची बाजू अंगापासून दूर धरायची आणि ठेवताना वर करायची. पालथं ठेवलेलं उडालं तर अख्खं मॉड्यूलच वर फेकलं जातं. बॅटरी चार्जिंगच्या जागी कोणी आलं तर चार्ज होताना बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनबद्दल लिहा. हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. फोर्कलिफ्ट, रॅक, बरवाले (कापल्यावर कडेला धारदार कंगोरे राहिलेले) पत्रे यांचंही असंच, विषय कमी पडणार नाहीत.

‘अपघातमुक्त दिवस’ हा आकडा पहिल्या पानावर छापायचा आग्रह वरून होईल. शक्य असेल तर टाळा, आणि त्यावर बक्षीस तर अजिबात जोडू देऊ नका. आमच्या एका हेल्परने बोटाला खोल कापलेलं असताना ते चिंधीत गुंडाळून शिफ्ट पूर्ण केली, कारण सगळ्या लाईनचं बक्षीस त्याच्यामुळे गेलं असतं. त्याच्यावर ही वेळ आम्ही आणली होती. त्याऐवजी ‘थोडक्यात वाचलो’ म्हणून चौकट ठेवा. काय झालं असतं, का झालं असतं, आणि त्यानंतर काय दुरुस्त केलं, कोणत्या तारखेला. दुरुस्ती झाली नसेल तर तसंही छापा. सांगून काही हलतं हे दिसलं तरच लोक पुढच्या वेळी सांगतात. माणसाचं नाव त्याला विचारल्याशिवाय घालू नका, आणि ‘निष्काळजीपणामुळे’ हा शब्द लिहूच नका. तो लिहिला की गार्ड का काढला होता, मशीन का अडकत होतं, हे कोणी विचारत नाही.

कंत्राटी कामगारांची नावं आमच्या पत्रकात कधीच नसत. ते ‘स्टाफ’ नाहीत, असं उत्तर मला मिळालं. पण रात्रपाळीला स्क्रॅप काढायला, जड पॅलेट हलवायला तेच असत, आणि नवखेही तेच असत. ही नावं घालण्यासाठी मला बरंच भांडावं लागलं. तुम्हीही भांडा.

निवृत्तीच्या बातमीत सत्काराचा फोटो जरूर असू द्या, पण आधी त्या माणसाजवळ अर्धा तास बसा आणि विचारा, मशीन बिघडणार हे तुम्हाला कशावरून कळतं? आमच्या एका डाय सेटर (प्रेसमध्ये साचे बसवणाऱ्या) मामांनी मला सांगितलं होतं की स्ट्रोक संपताना ब्रेक चांगला असेल तर आवाज तुटक येतो, झिजला असेल तर घासटल्यासारखा लांबतो, आणि रॅम, म्हणजे प्रेसचा खाली-वर होणारा भाग, वर थांबायच्या जागेच्या जरा पुढे जाऊन थांबतो. मी ते त्यांच्याच शब्दांत छापलं. त्या आठवड्यात दोन ऑपरेटर मेन्टेनन्सला बोलवायला आले. एकाची मशीन ठीक होती, दुसऱ्याच्या मशीनचं लायनिंग त्याच दिवशी बदलावं लागलं.