मी अचानक गेलो किंवा कोमात गेलो तर बायकोला माझे पासवर्ड, एन्क्रिप्टेड बॅकअप कसे मिळतील?

मृत्युपत्रात पासवर्ड लिहू नका, ते कागद चार लोकांच्या हातातून जातात आणि पासवर्ड तर तुम्ही मधेच बदलणार. त्यापेक्षा इमर्जन्सी अ‍ॅक्सेसवाला पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड एकत्र सांभाळणारं अ‍ॅप) घ्या. बिटवॉर्डनमध्ये (पेड प्लॅन लागतो, आणि तिचंही खातं हवं) बायकोला नेमायचं, वेटिंग समजा 7 दिवस ठेवायचं, तिने रिक्वेस्ट टाकली आणि तुम्ही तेवढ्यात नाही म्हटलं नाहीत की पासवर्डची तिजोरी तिला उघडते. कोमातही चालतं कारण डेथ सर्टिफिकेट कोणी मागत नाही. गूगलचं इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर (खातं बरेच दिवस वापरलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला डेटा देणारी सोय) पण लावून टाका, पण ते कमीत कमी 3 महिने थांबतं, तोवर लाइट बिल कोण भरणार!

व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपला 64 अक्षरी की (कुलूप उघडायची किल्ली) लावली असेल तर ती कागदावरच लिहा, हरवली तर कंपनीलाही बॅकअप उघडता येत नाही. माझी एफडीच्या पावत्यांच्या डब्यात आहे. संगणकशास्त्रज्ञ अदी शमीरची 1979 ची एक पद्धत आहे, त्या किल्लीचे समजा 5 तुकडे करायचे, कुठलेही 3 जमले की काम होतं, पण आमच्याकडे रेशन कार्ड सापडत नाही तिथे तुकडे कोण सांभाळणार.

आणि हो, फोनचा पिन आजच सांगा, सगळे ओटीपी तिथेच येतात.