सदारंगच्या नावाआड

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज रात्री पावणेबाराला आला. मी ऐकला सकाळी, तलावपाळीला फेरी मारताना. सव्वापाच मिनिटांतली चार मिनिटं तू बीथोव्हनबद्दल बोललीस आणि शेवटी घाईघाईत सांगितलंस, की तुझ्या स्ट्रिंग क्वार्टेटची (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेची) फाइल डिलीट करून टाकली. तेव्हा आधी लॅपटॉप उघड आणि रिसायकल बिनमधून ती परत काढ. बाकीचं पत्र नंतर वाच.

काढलीस? बरं.

‘पाचवी सिंफनी ऐकल्यापासून आपण जे लिहितो त्याची लाज वाटते’, असं म्हणालीस. वाटू दे. ज्यांना कधीच वाटत नाही त्यांचं संगीत घोडबंदर रोडवरच्या लग्नाच्या हॉलांमध्ये रोज वाजतं. पण लाज नेमकी कशाची, हे तुला सांगता येतंय का? मेसेजभर तू ‘बीथोव्हन’, ‘बीथोव्हन’ एवढंच म्हणत होतीस. ते तर नाव झालं.

माझीच एक फजिती सांगतो. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. दिवसा रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचं आणि संध्याकाळी गाणं शिकायचं, असं चालू होतं. यमनमध्ये तीनतालातली एक मध्यलय बंदिश बांधली होती. नौपाड्यात एका घरी दर महिन्याला बैठक व्हायची, तिथं गायचं ठरलं. समोर सगळी बुजुर्ग मंडळी. ‘ही माझी’ म्हणायची छाती होईना. म्हणून अंतऱ्यात माझ्या मुद्रेच्या (चिजेत गुंफलेल्या रचनाकाराच्या नावाच्या) जागी सरळ ‘सदारंग’ घातलं. (असं करणारा मी पहिला नव्हे. सदारंग ही नियामत खाँची मुद्रा. तिच्या नावावर खपणाऱ्या सगळ्या चिजा त्यांनी स्वतः बांधल्या असत्या, तर बादशहा महंमदशहा रंगील्यापुढे बीन वाजवायला त्यांना वेळच उरला नसता.) माना डोलल्या. एका बुजुर्गांनी विचारलं, ‘कुणाकडून मिळाली?’ मी ठोकून दिलं काहीतरी.

दोनेक वर्षांनी तीच बंदिश त्यांच्याच समोर पुन्हा गायलो, या वेळी माझी मुद्रा घालून. त्यांना जुनी आठवली की नाही, देव जाणे. म्हणाले, ‘मुखडा छान आहे. अंतरा मात्र नुसता वर जातो आणि खाली येतो.’

चरफडत घरी आलो. रात्री पेटी काढून अंतरा वाजवून बघितला. खरंच नुसता वर जात होता आणि खाली येत होता. अंतऱ्यात तार षड्ज (वरचा सा) लागतो म्हणून लावला होता, दुसरं कारण नाही. पहिल्या खेपेला तो कच्चेपणा त्यांनाही ऐकू आला नाही, मलाही नाही, कारण मध्ये सदारंग उभा होता.

तुझ्या आणि पाचवीच्या मध्येही असाच एकजण उभा आहे. त्याला जरा बाजूला हो म्हण आणि पहिले फक्त पाच बार (मात्रांचे खंड) बघ. स्वर वाजायच्या आधी अर्ध्या मात्रेचा विसावा आहे. मग प प प, आणि पुढच्या बारच्या ठोक्यावर कोमल ग. पुन्हा विसावा, म म म, आणि रे वर मुक्काम. तीन अक्षरांचा मुखडा घेऊन समेवर येण्यासारखंच आहे की हे! तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट सगळे मिळून एकच ओळ वाजवतात, खाली हार्मनीचा, म्हणजे जोडस्वरांचा, आधार नाही. आणि गंमत अशी, की या पाच बारमध्ये षड्ज एकदाही लागत नाही. तेच स्वर तू सा दुसरीकडे धरून ‘ग ग ग सा, रे रे रे नी’ असेही म्हणू शकतेस. म्हणून बघ. राग कुठला, घर कुठलं, हे ऐकणाऱ्याला अजून ठरवताच येत नाही, पण सम मात्र छातीवर आदळलेली असते.

आता तुझं क्वार्टेट. गेल्या महिन्यात दिलेली छापील प्रत माझ्यापुढे आहे. तुझा चेलो पहिले बारा बार सा धरून बसलाय. तानपुराच झाला तो. तानपुऱ्याशी माझं वैर नाही. पण तो तू विचार करून ठेवलास, की सुरुवात कशी करावी सुचेना म्हणून ठेवलास? ही तुलना कर. तिची लाज वाटली तर तिचा उपयोग आहे, कारण मंगळवारी बसून ती दुरुस्त करता येते. ‘मी बीथोव्हन नाही’ यावर मंगळवारी काय करणार?

त्या जर्मन संगीतकाराचं, ब्राम्सचं, सांगशील तू मला, ठाऊक आहे. बीथोव्हनच्या धाकानं त्यानं पहिली सिंफनी बाहेर काढली 1876 साली, वयाच्या 43व्या वर्षी, आणि मधल्या काळात कितीतरी लिखाण नष्ट केलं. खरं आहे. पण 1854 मध्ये सिंफनी म्हणून जे जमेना ते त्यानं फेकलं नाही. त्यातलं काही पहिल्या पियानो कॉन्चेर्टोत (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेत) गेलं, एक भाग पुढे ‘जर्मन रेक्विएम’ या समूहगायनाच्या रचनेत गेला. त्या कॉन्चेर्टोला 1859 साली लाइपझिगच्या श्रोत्यांनी शिट्ट्या मारून हुसकावलं, तरी तो टिकला. आणि अखेर सिंफनी आली तेव्हा शेवटच्या भागातली चाल बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीतल्यासारखी आहे, असं लोक म्हणाले. त्यावर ‘ते कुठल्याही गाढवाला दिसतं’ असं तो म्हणाल्याचं सांगतात. मला हा माणूस त्या उत्तरामुळेच जास्त आवडतो.

तुझ्या कामाचं मात्र दुसरंच एक आहे. बीथोव्हनचं ओपस (रचना-क्रमांक) 18 मधलं पहिलं क्वार्टेट. 1799 मध्ये त्यानं ते आमेंडा नावाच्या मित्राला भेट दिलं. दोन वर्षांनी त्याच मित्राला पत्र लिहिलं, की ते कुणाला दाखवू नकोस, मी पुष्कळ बदललंय, क्वार्टेट कसं लिहायचं ते मला आत्ता कुठे कळलंय. तिशीचा होता तेव्हा. आमेंडाकडचा खर्डा शिल्लक आहे, त्याची रेकॉर्डिंगंही आहेत. पहिल्या भागात सुरुवातीचं वळण त्या खर्ड्यात कितीतरी जास्त वेळा येतं. नंतर त्यानं ते छाटलं. दोन्ही ऐक, आणि बीथोव्हनला बीथोव्हनशी ताडून बघ. छापील आवृत्तीचं पहिलं पान हातानं उतरवून काढ, पेन्सिलनं, संगणकावरच्या म्यूझस्कोरमध्ये नव्हे. बाखनंसुद्धा व्हिवाल्डीचे कॉन्चेर्टो ऑर्गनवर नि हार्पसिकॉर्डवर असेच उतरवले होते. हात दुखतो. दुखू दे.

रविवारी साडेदहाला ये. ट्रान्सहार्बरला मेगाब्लॉक असला तर ऐरोलीहून बस धर, सबब नको. क्वार्टेटची वही आण आणि चेलोचे ते बारा बार अजिबात खोडू नकोस. तिथूनच बसायचंय आपल्याला.

तुझा,
सर