जमीन सावकाराच्या नावावर आणि अर्ज पुण्याला आयुक्तांकडे

प्रश्न: सोलापूर जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. 2016 मध्ये त्यांच्या वडिलांनी मुलीच्या लग्नासाठी गावातल्या एका माणसाकडून 4 लाख रुपये घेतले, शेकडा तीन रुपयांनी. तारण म्हणून त्यानं तीन एकरांचं खरेदीखतच नोंदवून घेतलं. पैसे फिटले की खरेदी पलटून देतो, हे बोलणं तोंडी. शिवाय मुलाचे सही केलेले दोन कोरे चेक घेतले. तीन वर्षं महिन्याला 12,000 रुपये व्याज गेलं. शेत घरचेच कसत होते. 2021 मध्ये वडील वारले आणि पुढच्याच हंगामात त्या माणसानं सातबाऱ्यावरच्या नावाच्या जोरावर शेतात ट्रॅक्टर घातला. वाचकानं पुण्याला सहकार आयुक्तांकडे अर्ज केला. काही महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, की अर्ज 'उचित कार्यवाहीस्तव' जिल्ह्याकडे पाठवला आहे. ते विचारतात, "आयुक्तांनीच हात झटकले, आता दिवाणी कोर्टात जाऊ का?"

उत्तर:

आयुक्तांनी हात झटकलेले नाहीत. तुमच्या प्रकरणात पहिला निकाल देण्याचा अधिकार त्यांचा नाहीच. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे सहकार आयुक्त हे सावकारीचे महानिबंधक. त्यांच्या हाताखाली विभागीय सहनिबंधक, मग जिल्हा उपनिबंधक आणि तालुक्याला सहायक निबंधक. बँका रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली असतात, पण व्याजानं पैसे देणाऱ्या खाजगी माणसावर राज्याची नजर असते ती या उतरंडीतून. परिपत्रकं काढणं, खालच्यांचा आढावा घेणं, अहवाल मागवणं ही आयुक्तांची कामं. जमिनीची चौकशी करून खरेदीखत अवैध ठरवण्याचा अधिकार कायद्यानं जिल्हा निबंधकाला दिला आहे, आणि ते काम जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था हे अधिकारी पाहतात. मुद्रांक खात्यातही 'जिल्हा निबंधक' असतात. दस्तनोंदणीशी संबंधित म्हणून लोक तिकडे अर्ज टाकतात आणि तो महिनोन्‌महिने पडून राहतो. तुमचा अर्ज त्या टेबलावर जाऊ देऊ नका.

तेव्हा आता नवा, पूर्ण अर्ज करा: जिल्हा उपनिबंधकांकडे, कलम 18 खाली. पुण्याला पाठवलेल्या तक्रारीत, तुम्ही जोडलेल्या प्रतीवरून दिसतं, चार पानं भावना आहेत आणि गट नंबर एकदाही नाही. यात चूक काही नाही, पण चौकशी अधिकाऱ्याला गट नंबर, दस्त क्रमांक, नोंदणीची तारीख आणि रक्कम लागते.

कलम 18 सांगतं ते असं. सावकारीच्या ओघात दिलेल्या कर्जाचं तारण म्हणून, खरेदी, गहाण, भाडेपट्टा किंवा आणखी कोणत्या नावानं स्थावर मालमत्ता सावकाराच्या ताब्यात गेली असेल, तर अर्जाच्या तारखेपासून मागच्या 15 वर्षांतल्या व्यवहाराची चौकशी करता येते. दोन्ही बाजू ऐकून, कारणं नोंदवून जिल्हा निबंधक तो दस्त अवैध ठरवू शकतात आणि ताबा कर्जदाराला किंवा त्याच्या वारसाला परत देण्याचा आदेश करू शकतात. वारसाचा उल्लेख कलमातच आहे, त्यामुळे 'सही करणारा तर गेला' हा त्या माणसाचा वकील करील तो युक्तिवाद चालणार नाही. फक्त वारसदाखला किंवा वारसनोंदीचा फेरफार जोडा, आणि आई व बहिणीलाही अर्जदार करा.

दिवाणी कोर्टाची घाई नको म्हणतो त्याला कारण आहे. तिथे मुदत कमी, बहुतेक वेळा 3 वर्षं. त्यात खरेदी पलटून देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ते गहाण धरलं जात नाही. तुमच्या दस्तात ती अट नाही. सावकार लोक ती लिहीत नाहीत, हेच तर त्यांचं कसब. कलम 18 त्या अडचणीला वळसा घालतं. लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, असं तुम्हाला कोणीतरी ऐकवेल. दस्त नुसता दिखाऊ होता, खरा व्यवहार वेगळाच होता हे दाखवायला तोंडी पुरावा देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 'गंगाबाई विरुद्ध छबूबाई' या 1982 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात सांगून ठेवलं आहे.

खरी लढाई दोन मुद्द्यांवर होईल.

पहिला, ही विक्री नव्हती. इथे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्याहून भक्कम आहे. 2016 ला जमीन विकणारा माणूस पुढची पाच वर्षं तीच जमीन कसतो का? त्या वर्षांच्या पीकपाहणीच्या नोंदी काढा. ऊस असेल तर कारखान्याची वडिलांच्या नावची बिलं, पीकविम्याच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचा उतारा, विहिरीच्या मोटारीचं वीजबिल, सगळं गोळा करा. दस्तातली किंमत आणि त्या वर्षाचा शासकीय बाजारमूल्य दर शेजारी शेजारी ठेवा. वडिलांचं पासबुकही पाहा. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास 12,000 निघालेले दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. अशा 36 नोंदी म्हणजे तोंडी साक्षीपेक्षा वजनदार पुरावा.

दुसरा मुद्दा अवघड: तो माणूस सावकारी 'करतो'. अडीनडीला एखाद्याला एकदा पैसे दिले म्हणून कोणी सावकार ठरत नाही, आणि त्याचा वकील नेमकं हेच म्हणेल. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात त्याच्या आणि त्याच्या बायको-मुलांच्या नावावर सूची क्रमांक 2 चा, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याचा, शोध घ्या. आसपासच्या गावांतल्या पाच-सहा खरेद्या निघाल्या आणि विकणारे अजूनही तीच जमीन कसताना दिसले, तर प्रकरणाचा रंग बदलतो. त्यांपैकी दोघे जरी प्रतिज्ञापत्र द्यायला तयार झाले तरी खूप. त्याच्याकडे त्या काळात परवाना होता का, हे तालुक्याच्या सहायक निबंधकांकडून माहिती अधिकारात लेखी घ्या. अधिकाऱ्यांना घराची झडती घेऊन कागद जप्त करण्याचा अधिकार आहे. अर्जात तशी मागणी स्पष्ट लिहा. कोरे चेक, सह्या केलेले स्टँप आणि चिठ्ठ्यांची वही अशाच झडतीत सापडतात. फक्त ही मागणी करणार असल्याचं गावात बोलू नका.

आता हिशेब. परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याला तारणावर दिलेल्या कर्जाला वर्षाला 9 टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. तुम्ही 36 टक्क्यांनी दिलंत. 9 टक्क्यांनी 4 लाखांचं तीन वर्षांचं व्याज 1,08,000 होतं, आणि गेले 4,32,000. वरचे 3,24,000 मुद्दलात धरले तर ढोबळमानानं 76,000 उरतात. शिवाय मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, ही मर्यादा तुमच्या बाबतीत केव्हाच ओलांडली गेली आहे. परवानाच नसेल तर त्याच्या वसुलीच्या दाव्याला कोर्टाची दारं बंद, आणि विनापरवाना सावकारीला 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा हिशेब एका कागदावर मांडून अर्जाला जोडा. बऱ्याच सुनावण्यांत अधिकारी पहिल्यांदा असा कागदच मागतात.

चेकचं काय? उद्या त्यानं ते भरले आणि वकिलाची नोटीस आली, तर ती हातात पडल्यापासून 15 दिवसांच्या आत लेखी उत्तर गेलंच पाहिजे. चेक कोरे होते, तारण म्हणून घेतले होते, कलम 18 चा अर्ज अमुक तारखेला केला आहे, हे सगळं त्यात येऊ द्या. विनापरवाना सावकाराच्या चेकवर खटला टिकतो का, यावर न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत, म्हणून त्या भरवशावर गप्प बसू नका. नोटीस यायची वाट न पाहता अर्ज आधी गेलेला असला, तर उत्तराला वजन येतं.

मधल्या काळात तो जमीन तिसऱ्याला विकण्याची शक्यता मला जास्त वाटते. एकदा तिसरा माणूस आला की गुंता वाढतो. अर्ज दाखल झाला की पोच घ्या आणि दुसऱ्याच दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात गट नंबरासह जाहीर नोटीस द्या. घेणाऱ्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही. तडजोडीचा निरोप आला तर ऐका, पण रोख एक रुपया देऊ नका आणि नव्या कागदावर सही तर मुळीच नको.

निकाल विरुद्ध गेला तर एक महिन्यात विभागीय सहनिबंधकांकडे अपील, आणि तिथेही नाही जमलं तर उच्च न्यायालयात रिट. आणि आयुक्त? त्यांचा उपयोग आहे, पण नंतर. चौकशी रखडली, तारखा पडत राहिल्या, झडतीची मागणी कोणी वाचलीच नाही, तर रोजनाम्याच्या, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्या नोंदीच्या, नकला जोडून पुण्याला एक पानाचं पत्र पाठवा: अर्जाचा क्रमांक, दाखल तारीख, झालेल्या तारखा, आणि 'अहवाल मागवावा' एवढी एकच विनंती.