साखर बंद केली तर गाठ उपाशी राहील का?

प्रश्न : माझ्या वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग आहे. पेट स्कॅनमध्ये गाठ उजळून दिसली. कर्करोगाच्या पेशी साखरेवर जगतात असे कळल्याने आम्ही त्यांचा गोड चहा आणि भात बंद केला. आता जनुक तपासणीत ‘एसटीके११’ या जनुकात बिघाड असल्याचे आले आहे. या दोन गोष्टींचा संबंध आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : संबंध आहे, मात्र तो ताटातल्या भाताशी नसून पेशीच्या आतल्या कारभाराशी आहे. स्कॅनपूर्वी शिरेतून देतात ते द्रव्य ग्लुकोजसारखेच असते, फक्त त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले असते. पेशी ते आत ओढून घेते, पण पुढे पचवू शकत नाही, म्हणून ते तिथेच साठते आणि पडद्यावर ठिपका उजळतो. मेंदूही असाच उजळतो. गाठीतल्या पेशी ऑक्सिजन असूनही ग्लुकोज अर्धवट मोडून त्याचे लॅक्टेट करतात, हे ऑटो वॉरबुर्ग यांनी १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये दाखवले होते.

एसटीके११ हे जनुक एलकेबी१ नावाचे प्रथिन बनवते. पेशीतली ऊर्जा, म्हणजे एटीपी, कमी पडू लागली की एलकेबी१ हे एएमपीके या दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट जोडते आणि ते जागे झालेले प्रथिन चरबी व प्रथिने बनवण्याची खर्चिक कामे थांबवते. एलकेबी१ गेले की हा लगाम सुटतो आणि तंगीतही वाढ चालू राहते. २००७ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात, पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या केरास या जनुकाच्या बिघाडाला एलकेबी१च्या अभावाची जोड मिळताच फुप्फुसातल्या गाठी अधिक वाढल्या आणि पसरल्या.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढचे. एएमपीके हे गाठीचे वैरीच असणार, असे समजून चालत नाही. २०१९ साली उंदरांत, केरास बिघडलेल्या पण एलकेबी१ शाबूत असलेल्या गाठींतून एएमपीकेच काढून टाकले, तेव्हा गाठींची वाढ उलट मंदावली, कारण अडचणीच्या काळात तग धरायला गाठीलाही त्याची मदत होत होती. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन एएमपीकेला चालना देते, म्हणून मधुमेह नसलेल्या रुग्णांना ते केमोथेरपी व किरणोपचारांच्या जोडीला देऊन पाहिले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही. कृपया ते स्वतःहून सुरू करू नका.

अहवालाचा उपयोग दुसरीकडे आहे. केरास आणि एसटीके११ दोन्ही बिघडलेले असतील तर इम्युनोथेरपीला, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीविरुद्ध कामाला लावणाऱ्या उपचाराला, प्रतिसाद अनेकदा कमी मिळतो; केरासबद्दल अहवालात काय लिहिले आहे, हे कर्करोगतज्ज्ञांना आवर्जून विचारा.

भात बंद केल्याने गाठ उपाशी राहत नाही. यकृत स्नायूंतल्या प्रथिनांपासून ग्लुकोज बनवत राहते आणि वडीलच खंगतात. त्यांना मधुमेह नसेल तर वरणभात पुन्हा सुरू करा, दर आठवड्याला वजन लिहून ठेवा आणि ती वही पुढच्या भेटीला डॉक्टरांना दाखवा.