एलायझाच्या आधी वेलमध्ये बघ

अनेक आशीर्वाद.

युरिक ॲसिडमुळे रक्तपेशी किती भडकतात हे एलायझाने (प्रथिनं मोजायच्या चाचणीने) मोजायला घेतलंयस, तर पहिली फसगत द्रावण बनवतानाच होते. रक्तात युरेट (युरिक ॲसिडचं क्षाररूप) डेसिलिटरला साधारण ६.८ मिलीग्रॅमपर्यंत विरघळतं आणि प्रयोगात आपण ५० वापरतो. म्हणून आरपीएमआय (पेशी ठेवायचं माध्यम) ३७ अंशांवर आणून त्यात युरिक ॲसिड विरघळव, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ, तेव्हाच वापर. फ्रिजमधली कालची बाटली नको. २४ तासांनी ध्रुवित प्रकाशाखाली युरेट स्फटिकांच्या सुया दिसल्या, तर तो वेल (प्लेटमधला खळगा) 'विरघळलेल्या'च्या रकान्यात धरू नकोस. नियंत्रण वेललाही (युरिक ॲसिड न घातलेल्या) तेवढंच तापवलेलं, गाळलेलं माध्यम दे.

पेशी वेगळ्या करणं सरावाचं काम. ईडीटीएतलं (गोठू न देणाऱ्या रसायनातलं) रक्त पीबीएसमध्ये (खारट बफर द्रावणात) निम्म्याला निम्मं पातळ करून फायकॉलवर (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रवावर) अलगद सोड. सेंट्रिफ्यूज ४०० जी (गुरुत्वाच्या ४०० पट), ३० मिनिटं, ब्रेक बंद. ब्रेक राहिला की थर ढवळतो. मग कमी वेगाने दोनदा धू, प्लेटलेट जातात. वेलला ५ लाख पेशी. न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तळाला लाल पेशींबरोबर जातात, त्यामुळे गाउटने (युरेट स्फटिकांच्या संधिवाताने) सुजलेल्या सांध्यात काय चाललंय ते ही प्लेट पूर्ण सांगत नाही.

आधी २४ तास युरिक ॲसिड, मग माध्यम काढून मिलीलिटरला १० नॅनोग्रॅम एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन, पेशींना भडकवणारं), आणखी २४ तास. माध्यम काढताना टिप भिंतीला टेकव. तळाच्या मोनोसाइट (तळाला चिकटणाऱ्या पांढऱ्या पेशी) ओढल्या गेल्या तर आकडा उगाच घसरतो. आयएल-१बीटा आणि आयएल-६ (दाह वाढवणारी प्रथिनं) वाढतं, आयएल-१आरए (आयएल-१ला अडवणारं प्रथिन) कमी होतं, अशी अपेक्षा. एलपीएस भरमसाट घातलंस तर सगळेच वेल कमाल पातळीला जातात आणि फरक दिसत नाही.

आता स्फटिकांच्या वेलचं: नुसत्या युरेट स्फटिकांनीच भरपूर आयएल-१बीटा आलं, तर खूश होऊ नकोस. आयएल-१बीटाला दोन इशारे लागतात: पहिल्याने पेशी कच्चं प्रथिन बनवते, दुसऱ्याने, म्हणजे स्फटिकांनी, एनएलआरपी३ (पेशीतला धोका ओळखणारं प्रथिन) जागं होऊन कॅस्पेस-१ (कापणारं विकर) ते कच्चं प्रथिन कापतं. हा दुसरा दुवा २००६ मध्ये दाखवला गेला. पहिला इशारा तू दिला नसशील, तर तो बहुधा एंडोटॉक्सिनने दिला. ऑटोक्लेव्हने ते जात नाही. काचसामान २५० अंशांवर अर्धा तास भाज, स्फटिकांची एलएएल चाचणी (एंडोटॉक्सिन शोधणारी) कर, काही वेलमध्ये पॉलिमिक्सिन बी (एंडोटॉक्सिन निष्प्रभ करणारं प्रतिजैविक) घाल. त्याने प्रतिसाद कोसळला तर दोष स्फटिकांच्या डबीत आहे. (एलपीएसच्या वेलमध्ये मात्र ते घालायचं नाही, हे सांगायला लागतं!)

तुलना नेहमी त्याच दात्याच्या पेशींशी. एका दात्याचं आयएल-१बीटा दुसऱ्याच्या कितीतरी पट असू शकतं. सरासऱ्या एकत्र केल्यास की युरिक ॲसिडचा परिणाम त्यात बुडालाच.