नोकरी सोडून अंडरग्राउंड फिल्ममेकर व्हावं का? पैसे कुठून येतात?

तुम्ही विचारलंय की निर्मात्याच्या दारात न जाता आपल्या मनासारखे सिनेमे काढत आयुष्य काढता येतं का. मी पुण्यात फिल्म क्लबचं काम बघतो, हा प्रश्न विचारणारी मुलं कायम भेटतात आणि मी प्रत्येकाला जॉन अब्राहमबद्दल सांगतो. हिंदीतला हिरो नाही, केरळचे दिग्दर्शक.

हे एलआयसीतली नोकरी सोडून पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटला आले, तिथे बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकले, मग दिग्दर्शक मणी कौलांना त्यांच्या 'उसकी रोटी' या हिंदी सिनेमाला असिस्ट केलं. आणि आख्ख्या आयुष्यात फीचर सिनेमे किती, तर फक्त 4. त्यातला 1977 चा तमिळ सिनेमा, ब्राह्मणांच्या वस्तीत एक प्रोफेसर गाढवाचं पिल्लू पाळतो अशी गोष्ट, त्याला नॅशनल अवॉर्ड मिळालं तरी दूरदर्शनने दाखवायचं ठरवून नंतर रद्द केलं. म्हणजे अवॉर्ड मिळालं की सिनेमा लोकांपर्यंत पोचतोच असं नाही, हे आत्ताच डोक्यात पक्कं करा.

खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. 1984 मधे त्यांनी मित्रांना घेऊन कोझिकोडला 'ओडेसा' नावाचा ग्रुप काढला आणि ही मंडळी गावोगाव फिरून चॅप्लिनचा 'द किड' दाखवायची आणि जमलेल्या लोकांकडेच पुढच्या सिनेमासाठी वर्गणी मागायची, ज्याला जेवढी जमेल तेवढी, अगदी आपल्याकडे गणपतीची मागतात तशी. त्या पैशातून 1986 ला त्यांचा मल्याळम सिनेमा 'अम्मा अरियान' उभा राहिला, आणि तो थेटरात न लावता परत तसाच लोकांमधे नेऊन दाखवला. मला हे फार मोठं वाटतं, कारण इथे प्रेक्षक आधी तयार झाला, सिनेमा मागून आला. अर्थात केरळात फिल्म सोसायट्यांची, म्हणजे एकत्र येऊन चांगले सिनेमे बघणाऱ्या-दाखवणाऱ्या मंडळांची, चळवळ 1965 पासून मूळ धरून होती, सगळं एकट्या जॉनमुळे झालं असंही नाही.

त्यांचं पिणं आणि भटकणं लोक फार कौतुकाने सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. 1987 मधे कोझिकोडलाच गच्चीवरून पडून गेले, पन्नाशीही गाठली नव्हती, त्यात कौतुक कसलं!

तर राजीनामा एवढ्यात देऊ नका. आधी एक शॉर्टफिल्म करा, ती तालुक्याच्या वाचनालयात, कॉलेजच्या हॉलमधे, कोणी दिली तर सोसायटीच्या गच्चीवर दाखवा आणि शेवटी लोकांपुढे डबा फिरवा. आमच्याकडे शो संपल्यावर बरीच माणसं डबा यायच्या आत चपला शोधायला लागतात, पण एखादा थांबतो, नोट टाकतो आणि विचारतो पुढचा कधी. त्याचा नंबर लिहून ठेवा, पुढच्या सिनेमाचा निर्माता तोच आहे. कॅमेरा काय, भाड्याने मिळतो.

आणि 'अम्मा अरियान' बघितला नसेल तर आधी तो बघा. ब्लॅक अँड व्हाइट आहे, संथ आहे, मधेच मोबाइल हातात घेऊ नका.