मचाणावर रात्रीचे फोटो काळेच येतात, काय करू?

प्रश्न: बुद्ध पौर्णिमेला मचाणावर बसलो होतो, पाणवठ्यावर अस्वल आलं, पण फोटोत नुसता हललेला काळा ठिपका. १५०-६०० एमएमची झूम लेन्स आहे. फ्लॅश घेऊ का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: फ्लॅश नकोच, जनावर बिथरतं. खरी गोम वेगळीय. पौर्णिमेचा उजेड आपल्याला भरपूर वाटतो, पण कॅमेऱ्याला तो काहीच नाही हो! एफ २.८ (हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते) आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, ६४०० ठेवला तरी साधारण १ सेकंदाचं एक्स्पोजर लागतं, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं राहावं लागतं, तुमची झूम ६०० ला एफ ६.३ वर अडकते म्हणजे ५ सेकंद, तेवढ्यात अस्वल पाणी पिऊन मान वर करून निघालं पण, मग ठिपका नाही तर काय येणार. त्यापेक्षा स्वस्तातली ५० एमएम एफ १.८ लेन्स लावा, अर्ध्या सेकंदाच्या आत काम होतं. अस्वल बारकं दिसेल, पण चांदण्यात चमकणारं पाणी आणि काठावर वाकलेलं ते काळं धूड, मला तरी क्लोजअपपेक्षा हेच आवडतं.

ऑटोफोकस अंधारात नुसता मागेपुढे घरघरत बसतो, म्हणून उजेड असतानाच पाणवठ्याच्या काठावर फोकस करा, मॅन्युअलवर टाका आणि रिंगला चिकटपट्टी लावून टाका. फोकसचा लाल दिवा आणि मागची स्क्रीन बंद. ट्रायपॉड मात्र मचाणावर कुणी कूस बदलली तरी हलतो, त्यापेक्षा कॅमेऱ्याखाली तांदूळ भरलेली पिशवी बरी. झूम सूर्यास्तानंतरच्या पहिल्या २० मिनिटांत वापरून घ्या.